मॅग्डलीन आणि खाडीवाटेचं फाटक

मॅग्डलीन जात्याच संशयी. मासळीवालीने बोय ताजी म्हटली तरी ही कल्ले उचकून बघायची. नवरा कॉस्मास म्हणाला, ताप उतरला, तरी त्याच्या कपाळावर हात ठेवल्याशिवाय हिचा विश्वास बसायचा नाही. लहानपणी कोलशेतला तिच्या बापाने कल्याणच्या बाजारातून मोठ्या हौसेने एक बैल आणला होता. घरी आल्यावर कळलं, बैल एका डोळ्याने आंधळा. विकणाऱ्याने आंधळी बाजू भिंतीकडे करून उभा केला होता म्हणे. त्या बैलाला पुढची कितीतरी वर्षं हाताने धरून न्यायचं काम मॅग्डलीनच्या वाट्याला आलं. तेव्हापासून तिने ठरवलं, जो तो आपली एक बाजू भिंतीकडे करूनच उभा असतो.

लग्न होऊन ती ठाण्याला, खाडीकडच्या वाडीत आली. वाडीत भातशेती आणि भाजीचे मळे. बाजार, चर्च, कचेरी सगळं रुळांच्या पलीकडे. कॉस्मासला दम्याने गाठल्यावर भाजीची गाडी मॅग्डलीन स्वतः हाकू लागली. बाई गाडी हाकते म्हणून आधी कुजबुज झाली, मग लोकांना सवय झाली.

रूळ ओलांडायच्या जागी पूर्वी काहीच नव्हतं. गुरं मेली, एका म्हाताऱ्याचा पाय गेला, तेव्हा रेल्वे कंपनीने दोन पाखांचं लाकडी फाटक बसवलं, शेजारी एक खोपटं बांधलं आणि सहदेव नावाचा फाटकवाला नेमला. घाटावरचा माणूस, चाळिशी उलटलेला, कमी बोलणारा. बरोबर बायको कलावती. ही गोष्ट अठराशे पंच्याऐंशीच्या आसपासची.

फाटक आलं आणि मॅग्डलीनला नवा संशय आला. काही दिवशी ते पटकन उघडायचं. काही दिवशी मात्र गाडी नाही, धूर नाही, शिट्टी नाही, तरी सहदेव फाटक लावून खांबासारखा उभा. उन्हात अळू माना टाकायचं, मुळ्यांचा पाला पिवळा पडायचा. पलीकडे बाजारात भाजीचा अडत्या दौलत अशा कोमेजलेल्या मालाकडे बघून नाक मुरडायचा आणि मातीमोलाने उचलायचा.

"ह्या दोघांचं काहीतरी हाय," ती कॉस्मासला म्हणाली. "फाटक कवा लावायचं ते दौलत ठरवते."

"अगं, तो बिचारा कंपनीचा चाकर. त्याला दौलतशी काय देणंघेणं?"

"मंग मी हाक मारली की तो तोंड कशाला फिरवते?"

ते खरंच होतं. पाठीमागून कितीही ओरडा, सहदेव वळायचा नाही. समोर जाऊन बोललं की तो माणसाच्या ओठांकडे टक लावून बघायचा आणि "व्हय, व्हय" म्हणून हसायचा. विचारलं काय, याने सांगितलं काय, मेळ नसायचा. मनात पाप असलेला माणूसच असा करतो, याची मॅग्डलीनला खात्री पटली. मग ती बाजाराचा दिवस नसतानाही गवत कापायच्या निमित्ताने फाटकाजवळ बसू लागली. तिला एवढंच दिसलं की कलावती घागर घेऊन विहिरीकडे गेली की फाटक बंद होतं, आणि ती परत आली की उघडतं. बायकोच निरोप घेऊन जाते दौलतकडे, असा मॅग्डलीनने त्याचा अर्थ लावला.

वैशाखातल्या एका सकाळी तिचा संयम सुटला. कलावती विहिरीवर गेलेली. फाटक बंद. पुढे मॅग्डलीनची गाडी, तिच्यामागे तिचा दीर ग्रेगरी, त्याच्यामागे आणखी गाड्या. रूळ मोकळे, दोन्हीकडे चिटपाखरू नाही. ती खाली उतरली आणि सहदेवच्या समोर जाऊन उभी राहिली.

"दौलतने किती वेळ अडवायला सांगितलंय? बोल की रे! आज फाटक नाय उघडलंस तर तुझ्या साहेबाकडं जाते. तुझी चाकरी घालवते बग!"

मागचे गाडीवालेही आरडाओरडा करू लागले. साहेब आणि चाकरी एवढे शब्द तिच्या ओठांवर सहदेवने नीट वाचले असावेत. त्याचा चेहरा उतरला. त्याने स्टेशनाच्या बाजूला बघितलं, पुलाच्या बाजूला बघितलं, क्षणभर घुटमळला आणि एक एक करून दोन्ही पाखं उघडली.

मॅग्डलीनने गाडी हाकली. बैल रुळांवर चढला आणि तेवढ्यात खाडीच्या पुलाकडून शिट्टी झाली. डबे नसलेलं नुसतं इंजीन होतं. तिवरांच्या झाडीआडच्या वळणावरून ते एकाएकी बाहेर आलं. बैल जागच्या जागी थिजला. ग्रेगरीने उडी मारून वेसण धरली आणि बैलाला पुढे ओढलं, गाडीवाले किंचाळत होते, दुरून कलावती घागर टाकून धावत येत होती. आणि सहदेव फाटकाचं पाख धरून स्टेशनाकडे तोंड करून शांत उभा होता.

बैल वाचला. इंजिनाने गाडीचं एक चाक उडवलं. मॅग्डलीन खड्ड्यात फेकली गेली, तिचा डावा हात मोडला. पण पडता पडता तिने एक गोष्ट बघितली. सहदेव दचकला तो सगळ्यांच्या मागाहून, पायाखालची जमीन हादरल्यावर.

हात फळीला बांधून चार दिवसांनी ती खोपट्यावर गेली. सहदेव कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसला होता. कलावतीने तिला दारातच अडवलं.

"आता काय बघायला आलात, बाई?"

"त्याला ऐकायला येत नाय ना?"

कलावतीने मागे सहदेवकडे बघितलं. मग तिने सांगितलं. घाटात बोगद्यांसाठी सुरुंग लावायचं काम सहदेवने कोवळ्या वयात केलं होतं. कान तेव्हापासून अधू, आणि वर्षागणिक गेलेच. आता शिट्टी कलावती ऐकायची आणि दारातून हाताने खूण करायची. ती पाण्याला गेली की भीतीपोटी तो फाटक लावून ठेवायचा.

"कुणाला सांगू नका. चाकरी गेली तर आम्ही जावं कुठं?"

मॅग्डलीनने शब्द दिला नाही. परत येताना तिच्या मनात दोन विचार भांडत होते. आपण आरडाओरडा केला म्हणून फाटक उघडलं, हा एक. आणि दुसरा, ही सगळी रचलेली कहाणी नसेल कशावरून?

चौकशीला मुंबईहून साहेब स्टेशनावर आला. स्टेशन मास्तर त्याचं बोलणं मराठीत सांगत होता. मॅग्डलीन उभी राहिली आणि म्हणाली, "फाटक मी उघडायला लावलं."

साहेबाने भुवया चढवल्या. मास्तर म्हणाला, "साहेब विचारतात, एक बाई ओरडली म्हणून फाटकवाला फाटक उघडतो? तुमचं आणि त्याचं आधी काही ठरलं होतं काय?"

लोकांकडे आयुष्यभर ज्या नजरेने तिने बघितलं, त्याच नजरेने आता साहेब तिच्याकडे बघत होता.

मग साहेबाने सहदेवला समोर घेतलं. मास्तरने सावकाश विचारलं, "इंजिनाची शिट्टी तुला ऐकू आली होती का?"

सहदेवने त्याचे ओठ वाचले. "आली, साहेब."

"ऐकू आली आणि तरी फाटक उघडं ठेवलंस?"

"व्हय, साहेब."

साहेबाने मास्तरला काहीतरी सांगितलं, त्यात पोलीस हा शब्द मॅग्डलीनला कळला. कलावती दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. मॅग्डलीनने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"त्याला शिट्टी ऐकायला आलीच नाय! तो बहिरा हाय. चाकरी जाईल म्हणून व्हय म्हणते."

साहेब हसला. आता बहिरेपणाचं सोंग, असं त्याला वाटलं हे सांगायला मास्तरची गरज नव्हती. त्याने हळूच खूण केली. फलाटावरची घंटा हमालाने काढून आणली आणि सहदेवच्या डोक्यामागे जोराने बडवली. मास्तरच्या हातातली लेखणी पडली, कलावतीने कान झाकले. सहदेव हात जोडून साहेबाच्या तोंडाकडे बघत राहिला, पुढचा प्रश्न कधी येतो याची वाट बघत.

मॅग्डलीनला रडू फुटलं.

डोळे पुसून ती म्हणाली, "दोन कानांचा माणूस आणलात तरी तिवरांआडचं इंजीन त्याला दिसणार नाय. वारा उलटा असला की शिट्टी पण येत नाय. इंजीन निघालं की आधी फाटकावर कळवा. वाटेवरच्या माणसाला पण कळू द्या."

मास्तरने ते साहेबाला सांगितलं. साहेबाने कागद आवरले.

सहदेवचा तुरुंग टळला, पण चाकरी गेली. बदली माणूस येईपर्यंत कलावतीने फाटक सांभाळावं, असं मास्तरने सुचवलं. बदली माणूस काही आला नाही. पाऊस सरल्यावर मात्र खांब आले, तार आली. स्टेशनातून तार ओढली की फाटकावर घंटा वाजू लागली. पुलाच्या बाजूनेही तशीच तार आली. सहदेवने खोपट्यामागची दलदलीची खाजण उपसून मळा केला. मुळे चांगले यायचे.

कलावती मात्र मॅग्डलीनशी बोलली नाही. फाटक लावताना सगळ्यांना "थांबा" म्हणायची, हिची गाडी आली की नुसता बावटा दाखवायची. मॅग्डलीनने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. आपण बोललो नसतो तर तो तुरुंगात गेला असता, हे तिला ठाऊक होतं. आपण ओरडलो नसतो तर काहीच घडलं नसतं, हेही ठाऊक होतं.

नाताळाच्या आधी एकदा ती फाटकाशी आली तेव्हा घंटा वाजत होती. कलावतीने पाखं लावली. मग खोपट्यामागे गेली, मुळ्यांची एक मोठी जुडी घेऊन आली आणि मॅग्डलीनच्या गाडीत ठेवली.

"बाजारात न्या," ती म्हणाली. "दौलतला देऊ नका. तो नाक मुरडतो."

"दुसऱ्याला देते," मॅग्डलीन म्हणाली.

पुलाकडून मालगाडी आली, धडधडत गेली. ती पार दिसेनाशी होईपर्यंत दोघी फाटकाच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.