भिंतीपलीकडचे संगणक आणि शेख बाई

खंडेनवमीच्या त्या सकाळी मी देवपूजा उरकली आणि परसातल्या झेंडूची माळ घेऊन वणीजवळच्या आमच्या शाळेत गेलो. नव्याने आलेल्या सहा संगणकांना गंध-फूल वाहिले, हात जोडले आणि आवरणे पुन्हा घातली. त्याच आठवड्यात बदलून आलेल्या विज्ञानाच्या रझिया शेख बाई दारात उभ्या होत्या.

"पूजा छान झाली, सर. आता मुलं कधी आत येणार?"

खोली फक्त पूजेपुरती उघडली होती; एरवी तिला कुलूप असे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. शेजारच्या वर्गात मी फळ्यावर खडूने संगणक काढून शिकवत असे. माझ्या टाचणवहीत, म्हणजे रोजच्या पाठाच्या आराखड्यात, तो पाठ गेल्या वर्षीच्या वहीतून जसाच्या तसा उतरवलेला होता. खाली तपासणीची सहीसुद्धा! भिंतीपलीकडे यंत्र आणि अलीकडे त्याचे चित्र. आजही संताप येतो, आणि त्यात माझा वाटा होता म्हणून जास्तच येतो.

बाईंनी किल्ली मिळवली ती टाचण लिहून. मुलांनी आठवडाभर दुपारचे तापमान मोजायचे, कागदावर आलेख काढायचा, मग तोच संगणकावर. एकाने आकडे वाचायचे, एकाने टाइप करायचे, एकाने चूक पकडायची; दर पाच मिनिटांनी जागा बदलायची.

"आणि बिघडलं तर?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"खाली माझी सही आहे, सर."

पहिल्या तासाला सुरगाण्याकडची एक मुलगी कळफलकावर बोट उचलून तशीच थांबली. "बाई, मोडलं तं?"

"दाब गं, चावत नाय तो!" मागून कोणीतरी ओरडले. वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि तिने कळ दाबली.

माझी उतरवलेली वही बाईंनी ओळखली होती. कुणाला कळू दिले नाही. शाळा सुटल्यावर शेजारी बसून त्यांनी माझ्याकडून नवे टाचण लिहून घेतले.

बाई निवृत्त झाल्या आणि आठवड्याच्या आत कुलूप परत आले. 'यंत्रं जपायला हवीत' म्हणे! ज्या संस्थाचालकांनी ते लावले, त्यांनीच आज नाशिकला होत असलेल्या बाईंच्या या षष्ट्यब्दी सोहळ्याच्या निमंत्रणपत्रिकेवर 'आधुनिक दृष्टीच्या शिक्षिका' असे छापले आहे. बाईंना शाल द्यायची आणि त्यांची खोली बंद ठेवायची, हा कसला गौरव?

हे विचारण्याचा अधिकार मलाही नव्हता. जूनपासून मुख्याध्यापक मीच आहे. संस्थेच्या धाकाने चार महिने ती किल्ली माझ्याच खणात पडून होती.

सप्तशृंगी माता बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य देवो. त्यांनी शाळेत यावे, मुलांच्या चुका पकडाव्यात, माझ्याही पकडाव्यात.

परवा खंडेनवमी झाली. संगणकांना माळ घातली, आवरणे काढून कपाटात टाकली आणि सुताराकडून त्या दाराचा कडीकोयंडाच उपटून घेतला. आत भिंतीवर बाईंचे ते पहिले टाचण लावले आहे. त्यांच्या सहीखाली आता माझी सही आहे.