तोंड सांभाळा, काकू!

उकळत्या पाण्यातून नुकत्याच काढलेल्या माउथगार्डला एक विलक्षण वास असतो. तो फुलांचा नसतो, मातीचा नसतो, अन्नाचा तर नसतोच. नवी रबरी चप्पल आणि कालचा चहा एकत्र आले तर जे काही होईल, ते तो असतो. तो कोमट, गुलाबी, लिबलिबीत तुकडा दातांवर बसवून मी आमच्या स्वयंपाकघरात डोळे मिटून उभी होते आणि खिडकीतून जेसल पार्कच्या खाडीवरचा खारट वारा येत होता. शेजारी माझी लेक मृण्मयी मोबाइलवर सेकंद मोजत होती. "चाव, आई. अजून घट्ट चाव. आणि बोलू नकोस." बोलू नकोस! वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, स्वतःच्या ओट्यापुढे, स्वतःच्याच चहाच्या पातेल्याच्या साक्षीने मौनव्रत! दारातून हा सोहळा पाहणाऱ्या माझ्या सासूबाईंनी एवढंच विचारलं, "त्या पातेल्यात पुन्हा चहा करणार आहेस का?" आणि उत्तर देणं मला शक्य नाही हे लक्षात येताच त्या किंचित प्रसन्न झाल्या.

माउथगार्ड म्हणजे दातांचं चिलखत, गरम पाण्यात मऊ करून आपल्याच दातांनी चावून मापाचं करून घ्यायचं. तुम्ही विचाराल, विमा कंपनीतून निवृत्ती घेतलेल्या, भाईंदर पूर्वेत सुखाने नांदणाऱ्या गृहिणीला चिलखताचं काय प्रयोजन? तर मृण्मयीच्या नादाने मी कयाक शिकत होते. कयाक म्हणजे एका माणसाची, शेंगेसारखी अरुंद होडी. तिच्यात कमरेपर्यंत स्वतःला खोचून घ्यायचं, हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं धरायचं, आणि खळाळत्या नदीतून खडक चुकवत खाली यायचं. खडक चुकवत, म्हणजे जमेल तेवढे चुकवत. उरलेल्यांसाठी चिलखत.

आणि माझ्या बाबतीत प्रश्न साऱ्या दंतपंक्तीचा नव्हता, एकाच दाताचा होता. शाळेत असताना लंगडीच्या डावात मी तोंडघशी पडले आणि वरचा, अगदी दर्शनी दात अर्धा तुटला. माझ्या आईने औषध लावलं, दोन धपाटे घातले आणि सांगितलं, हसताना हात ठेवत जा गं तोंडावर, मुलीच्या जातीला बरं दिसतं. तेव्हापासून माझं हसू गोषात गेलं. लग्नाच्या फोटोंमध्ये तर मी इतकी गंभीर आहे की पाहणाऱ्याला वाटावं, या मुलीचं मन दुसरीकडेच कुठेतरी जडलं होतं. मन जागेवरच होतं हो, दात तेवढा नव्हता!

आपल्या भाषेने दातांच्या आधारावर केवढा संसार मांडला आहे! आपण दातओठ खातो, समजावून सांगताना दाताच्या कण्या करतो, एखाद्यावर वर्षानुवर्षे दात धरतो, शत्रूचे दात त्याच्याच घशात घालतो. क्रोध, द्वेष, सूड, सगळं दातांनी चालतं. फक्त कुणी मोकळेपणी हसू लागलं की लगेच तंबी मिळते, दात काढू नकोस! ज्या भाषेत हसण्याला दात काढणं म्हणतात, त्या भाषेत अर्ध्या दाताच्या मुलीने काय करावं?

यंदा मात्र मी धीर केला. स्टेशनजवळच्या दंतवैद्यांनी माझ्या जबड्यात चक्क स्क्रू पिळला आणि त्यावर मोगऱ्याच्या कळीसारखा शुभ्र दात बसवला. आरसा हातात देऊन ते म्हणाले, "बेन, आता एकदम बिनधास्त हसायचं. फक्त दाताला मार लागू द्यायचा नाय हां, नाहीतर फिरसे सब करना पडेगा." मी आरशात पाहून हसले, आणि माझा हात आपोआप तोंडावर गेला. दात नवा आला, हात मात्र जुनाच राहिला.

मग दाताला जपायचं सोडून मी खडकाळ नदीच्या वाटेला का गेले? विनाशकाले विपरीतबुद्धी, असं सासूबाईंचं निदान आहे. खरं कारण लाजिरवाणं आहे, पण तुम्हाला सांगते. मृण्मयीने एकदा नदीवरचा व्हिडिओ दाखवला होता. तिच्या मैत्रिणी लाटेतून बाहेर पडत होत्या आणि आ वासून, पडजीभ दिसेपर्यंत हसत होत्या. असं हसू मला आयुष्यात एकदा तरी हवं होतं. त्या हव्यासाने मला रडूच आलं. ज्या दाताने हसायचं, तोच दात पणाला लावल्याशिवाय ते हसू मिळणार नव्हतं, आणि दात पुन्हा गेला तर पुन्हा तोंड उघडायचा धीर माझ्यात उरला नसता, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

शिकवणी मीरा रोडच्या एका मोठ्या संकुलातल्या पोहण्याच्या तलावात होती. शिकवायला नितेश नावाचा तारोडीचा तरुण होता, समुद्राच्या काठी वाढलेला आणि भरतीच्या गाजेवरून बोलायची सवय असल्यामुळे तलावाच्या काठावरही तेवढ्याच आवाजात बोलणारा. पहिल्याच दिवशी माझी होडी उलटली. नाकातोंडात पाणी जाऊन मी कशीबशी वर आले, तोच त्याची गर्जना ऐकू आली, "तोंड सांभाला, काकू!"

आता पाहा, 'तोंड सांभाळ' या शब्दांचा आमच्या घरात एकच अर्थ आहे. सासूबाईंनी ते मला लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत ऐकवले, त्यानंतरही वेळोवेळी ऐकवले, आणि दरवेळी मी त्यांना योग्य ते उत्तर दिलं आहे. त्यामुळे डोळ्यांतलं पाणी निपटायच्या आधीच मी किंचाळले, "तूच सांभाळ तुझं तोंड! काय बोलले मी?" एका गृहस्थाने पोहणं थांबवून आपल्या मुलाला जवळ ओढलं. नितेश बिचारा कान पकडून म्हणाला, "काकू, तसा न्हाय. थोबार वाचवा, थोबार! दात हाय ना नवीन?" थोबाड हा शब्द ऐकून प्रकरण आणखी चिघळणार होतं, पण मृण्मयीने पाण्यात उडी मारून मध्यस्थी केली.

मुख सांभाळण्याची ही विद्या तशी गहन आहे. होडी उलटली की घाबरून मान मागे टाकायची नाही, कारण मग मुखकमल थेट खडकांच्या स्वाधीन होतं. पुढे वाकायचं, कपाळ होडीला टेकवायचं, जणू कुलदैवताला नमस्कार घालतोय. मग प्रवाहाला जो काही राग काढायचा असेल तो शिरस्त्राणावर निघतो. संकटात जो वाकतो त्याचा चेहरा शाबूत राहतो, ही गोष्ट मी सासरी इतकी वर्षं राहून शिकले नाही. ती मला क्लोरीनच्या पाण्यात उलटं लटकताना समजली. दुसरा नियम असा, की दोन्ही हात वल्ह्यावर हवेत. एक हात सुटला की वल्ह्याचा दांडा उसळतो आणि आपल्याच दातांवर येतो. खडकांपेक्षा माणसाचे दात त्याचं स्वतःचं वल्हंच जास्त पाडतं, असं नितेश सांगायचा.

इथेच माझं घोडं अडलं. मी घाबरले की हसते आणि हसले की माझा उजवा हात तोंडाकडे जातो. होडी डुगडुगली, हसू आलं, हात सुटला, की दांडा नाकाशी! "आई, हात!" मृण्मयी ओरडायची. "काकू, हात!" नितेश ओरडायचा. आठवड्याभरात तलावावरचा सुरक्षारक्षकही "आंटी, हाथ!" म्हणू लागला. चेहरा झाकणारा हातच चेहऱ्याचा वैरी झाला होता.

अखेर कोलाडच्या कुंडलिका नदीवर जायचा रविवार ठरला. धरणाचं पाणी सकाळी सोडतात, तेव्हाच नदीला वेग येतो, म्हणून आम्ही पहाटे अंधारात निघालो. त्याच संध्याकाळी माझी आई आमच्याकडे जेवायला येणार होती. लेक धड परत आली की नाही हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. यामुळे सासूबाई आदल्या दिवसापासूनच ताणात होत्या. माझी आई या वयातही ऊस दाताने सोलते आणि हे विहीणबाईंना सांगितल्याशिवाय तिचं जेवण पुरं होत नाही. सासूबाईंना कवळी आहे. कवळीशिवायचा त्यांचा चेहरा माझ्या कैलासवासी सासऱ्यांनीही पाहिलेला नाही, असं त्या अभिमानाने सांगतात. सकाळी त्या तोंडाला पदर लावून खोलीबाहेर येतात, बेसिनवरची निळी डबी उचलतात, आणि मगच त्यांचा दिवस उजाडतो.

निळी डबी. माउथगार्डची डबीही निळीच होती, आणि तीही बेसिनवरच होती.

नदीकाठी सगळी सज्जता झाली. अंगावर लाइफ जॅकेट, कमरेभोवती होडीत पाणी शिरू नये म्हणून तिच्या तोंडाला घट्ट बसवायचा रबरी घागरा असा माझा वीरश्रीयुक्त शृंगार पुरा झाला, तेव्हा मी शेवटचं चिलखत चढवायला डबी उघडली. आत सासूबाई हसत होत्या.

मी फोन लावला. पलीकडून आधी नुसता वारा आला, मग पदराआडून शब्द आले. "माझे दात कोलाडला काय करतायत?" मी क्षमा मागितली, परोपरीने मागितली. त्या म्हणाल्या, "विहीणबाई यायच्या आत दात घरी आले पाहिजेत. तू मागाहून आलीस तरी चालेल." फोन ठेवून मी मटकन वाळूत बसले. डोळ्यांसमोर नदी उसळत होती आणि जीभ एकसारखी त्या नव्या दाताला चाचपत होती. परत फिरावं? कुणी काही म्हटलं नसतं. नितेशने माझ्याकडे पाहिलं, गाडीतून एक जाळी लावलेलं हेल्मेट काढून आणलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. "गार्ड न्हाय तर ही जाली हाय. पन काकू, हात सोराचा न्हाय."

मी निघाले. त्या जलप्रपाताचं वर्णन कसं करू? दुरून शुभ्र दिसणारं ते पाणी जवळ गेल्यावर शुभ्र राहत नाही. हिरवं, काळं, फेसाळ, क्षणात उतार तर क्षणात भिंत! पहिली लाट छातीवर आदळली, दुसरी डोक्यावरून गेली, आणि तिसरीच्या माथ्यावर होडी क्षणभर अधांतरी थांबली. तेव्हा माझ्या पोटातून, कुठल्या खोल विवरातून कोण जाणे, हसू उसळलं. अन् माझा हात उठला! खण्णकन जाळीवर आपटला. वल्हं तिरपं झालं, आकाश फिरलं, आणि मी पाण्याखाली उलटी होते.

नमस्कार, एवढंच आठवलं. सुटलेला हात मी वल्ह्यावर परत आणला आणि कपाळ होडीला टेकवलं. डोक्यावर एक खडक टणकन वाजून गेला. मग घागऱ्याची दोरी ओढून मी बाहेर निसटले, प्रवाहाबरोबर वाहत काठाला लागले. मृण्मयी धावत येत होती. "आई, दात?" तिने विचारलं. लागलं का, जीव ठीक आहे का, काही नाही, नुसतं दात? मी जिभेने चाचपलं. होता. तसाच, तिथेच, गुळगुळीत. दोन्ही हातांनी वल्हं उंच धरून मी ओरडले, "आहे!" आणि इतकी हसले की पलीकडच्या काठावरच्या म्हशींनी माना वळवल्या.

संध्याकाळी आई यायच्या आधी आम्ही घरी पोहोचलो. सासूबाई दिवसभर खोलीत दार लावून बसल्या होत्या. मी डबी त्यांच्या हातात ठेवली तेव्हा त्यांनी मला रागे भरलं नाही. पदराआडूनच म्हणाल्या, "आधी दोन घास खाऊन घे, उपाशी दिसतेस." दात नसल्यामुळे त्यांनी स्वतःसाठी गुरगुट्या भात केला होता, वर साजूक तूप. मी ताटलीत घेतला आणि लाटांचं वर्णन करत, हसत, मोठा घास घेतला.

कट्ट.

किती क्षुद्र आवाज! भातात खडा होता. गावच्या तांदळातला, तिळाएवढा. कुंडलिकेच्या सगळ्या खडकांना जे जमलं नाही ते त्याने केलं. माझ्या तळहातावर दाताचा शुभ्र तुकडा पडला.

सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांच्या भातात आजवर कुणाला खडा लागलेला नाही, तांदूळ निवडावा तर त्यांनीच. "आज निवडताना माझं लक्षच नव्हतं गं," त्या म्हणाल्या, "मन दातांपाशी होतं." मला त्यांच्यावर रागवायचं होतं. नाही रागवता आलं. रडू मात्र आवरेना, आणि त्यातच दाराची बेल वाजली. आई आली होती. माझा हात तोंडावर गेला.

सासूबाईंनी बेसिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. हातातली डबी उघडली नाही. पुढे होऊन त्यांनी माझा तोंडावरचा हात धरला आणि खाली ओढला. पदर केव्हाच निसटला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं बोळकं तोंड पाहत होते, आणि ते हसत होतं. "चल," त्या म्हणाल्या, "तू एकटीच कशाला?" त्यांच्या एका हातात डबी होती आणि दुसऱ्या हातात माझा हात, त्यामुळे दार उघडायला माझा तेवढा एकच हात मोकळा होता.