कडुलिंबाभोवतीचं न जुळलेलं वर्तुळ

माझ्या सासुरवाडीच्या अंगणात कडुलिंबाभोवती एक गोल ओटा आहे. तो जिथे सुरू होतो तिथे संपत नाही.

तो मी आखला. मी नांदेडच्या एका शाळेत एकवीस वर्षं भूमिती शिकवतोय. ही माहिती कुणी मागितली नव्हती, शिक्षा म्हणून मीच देतोय.

पण आधी पहिला गुन्हा कबूल करतो. (ओटा दुसरा.) माझी मुलगी तेजू नववीत होती, आणि फेब्रुवारीतल्या चाचणीत तिला भूमितीत चाळीसपैकी अकरा मिळाले. त्या वेळी शेजारची चार पोरं माझ्याकडे शंका विचारायला आली होती. त्यांच्यादेखत मी म्हणालो, "गणिताच्या मास्तरची पोरगी आणि अकरा? बाहेर कुणाला सांगू नकोस!" तिनं कुणाला सांगितलं नाही. मला तर त्यानंतर काहीच सांगितलं नाही. तीन महिने एक शंका विचारली नाही! मोबाइलला विचारायची, मैत्रिणींना विचारायची. एकदा तर गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला तिनं सिलिंडरचा परीघ कसा काढायचा ते विचारलं, आणि त्यानं बरोबर सांगितलं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिनं एकदा येऊन "पप्पा, हे कळलं नाही," एवढं म्हणावं, बाकी मला काही नको होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणाऱ्या ह्या अधिक महिन्यात जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, नवे कपडे करतात आणि त्याच्या पाया पडतात. ह्या महिन्यात जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत. एरवी मला चांगला वाटणारा हा रिवाजच पुढे माझ्या मुळावर आला.

सासुरवाडी किल्लारीच्या पलीकडे. पोचलो तर अंगणात दगडांचा ढीग. मेहुणा बालाजी म्हणाला, "दाजी, लिंबाला गोल ओटा बांधायलोय. मिस्त्री आलाय, आता आखतो म्हणतोय."

"थांबव त्याला," मी म्हणालो.

नुकतंच माझं 'कृतीतून शिक्षण' ह्या विषयावर प्रशिक्षण झालं होतं. तीन दिवस टाळ्या वाजवून मी भारावलो होतो. इथे आयतं केंद्र उभं होतं, आयतं अंगण होतं आणि गट करायला बालाजीची दोन मुलं, ओम आणि सई, मोकळीच होती. "आखणी मुलं करतील. गटकार्य! तेजू गटप्रमुख!"

तेजूनं माझ्याकडे न बघता चप्पल घातली.

गफूर मिस्त्री दगडावर बसून तंबाखू मळत होता. "सर, मी बुंध्यापासून मापून, खुट्ट्या ठोकून दहा मिनटात आखतो की."

"पण मुलं शिकणार कशी?"

"हाव, ते बी हाय," म्हणून तो मळत राहिला.

मी कामं वाटून दिली. नऊ फुटांची दोरी झाडाच्या बुंध्याला एक वेढा देऊन स्वतः घट्ट बांधली. (निरगाठ. अजून आठवते.) तेजूनं दोरीचं टोक ताणून झाडाभोवती चालायचं, ओमनं तिच्या मागून चुन्याची फक्की टाकत जायचं, सईनं वहीत निरीक्षणं लिहायची. मी बाजूला उभा राहून सांगत होतो, "केंद्रापासून समान अंतरावर चालणारा बिंदू! काय तयार होईल?"

"वर्तुळ!" ओम आणि सई ओरडली. तेजू दोरी ताणून चालत होती.

ती एक फेरी मारून आली आणि थांबली. सुरुवातीची रेघ तिच्या उजव्या हाताला राहिली होती, चांगली चार फूट बाहेर. ती स्वतः झाडाकडे सरकली होती.

"दोरी सैल सोडलीस!" मी म्हणालो.

"नाही सोडली. पप्पा, दोरी झाडाला..."

"मध्ये बोलायचं नाही. आधी त्रिज्या म्हणजे काय ते सांग."

"वर्तुळाचं केंद्र आणि वर्तुळावरचा बिंदू यांना जोडणारा रेषाखंड. पण दोरी..."

"एका वर्तुळात तिची लांबी बदलते का?"

"नाही."

"मग चूक कुणाची?"

तिनं दोरी माझ्या हातात दिली आणि ओसरीवर जाऊन बसली. तीन महिन्यांनी लेक आपणहून काही सांगायला आली होती आणि मी तिची व्याख्या तपासली! हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मी ताळा करण्यात गुंतलो होतो.

म्हणजे असं, की मी दोरी ताणून धरली आणि ती जिथे थांबली होती तिथून उलटा चालत निघालो. काय सांगू! चुन्याच्या रेघेवरून पाऊल हललं नाही. जशी रेघ तसा मी. पूर्ण फेरी मारून बरोबर सुरुवातीच्या खुणेवर येऊन उभा राहिलो.

"बघा! ताळा जमला! आखणी शंभर टक्के बरोबर आहे!"

"पर सर," गफूर मिस्त्री हळूच म्हणाला, "दोन टोकं मिळंना झालीत की."

"जमिनीला उतार आहे. त्यामुळे तसं भासतं."

मिस्त्रीनं जमिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे बघितलं. सासरे खाटेवरून गरजले, "मिस्त्री! जावई गणिताचे मास्तर हैत. ते म्हणतेत उतार हाय, तर हाय. त्यांनी आखलं तसंच बांधायचं, बोटभर बी हलवायचं न्हाई!"

"बांधतो, मालक. मला काय, म्हणलाव तर बाजेवर बी बांधतो."

मग मला पाटावर बसवलं. धोंडे आले, वर तूप आलं, पुन्हा धोंडे आले. सातवा धोंडा खाऊन मी आडवा झालो तो चार वाजता उठलो. बाहेर आलो आणि खांबाला धरून उभा राहिलो.

ओटा गुडघाभर उंच झाला होता. बाहेरून सुरू होऊन तो ऐटीत लिंबाला वळसा घालत आला होता आणि शेवटी स्वतःच्याच आत शिरला होता. एवढी मोठी दगडी गोगलगाय आख्ख्या तालुक्यात नसेल!

"सर," मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "आजून येक चक्कर मारली असती तर मी झाडातच घुसलो असतो."

कुणी हसलं नाही. जावयाला हसत नाहीत! बालाजी म्हणाला, "भारी दिसतंय, दाजी. लई येगळं." सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं बाई, झाडाला पाणी घालायला वाट राहिली." सासरे म्हणाले, "असा ओटा गावात कुणाचाच न्हाई," आणि हे मात्र खरं होतं. हा रिवाज फक्त माझ्या बायकोला लागू नव्हता. रेखा दारात येऊन म्हणाली, "अहो, माझ्या बापाच्या दारात ही काय जिलेबी घातलीत?"

तेवढ्यात तेजू ओसरीवरून उठली. हातात सुतळी आणि मिस्त्रीचा टेप. तिनं आधी ओट्याच्या दोन टोकांमधलं अंतर मोजलं. मग सुतळी लिंबाच्या बुंध्याला एकदा गुंडाळली आणि ती मोजली. दोन्ही मापं जवळपास सारखी! बोटभराचा फरक.

"सई, लिही," ती म्हणाली. "एक फेरी मारली की दोरी झाडाला एकदा गुंडाळली जाते. झाडाचा जेवढा घेर, तेवढी दोरी कमी होते. उलटं चाललं की तेवढीच सुटते, म्हणून पप्पा परत त्याच रेघेवरून आले. गाठ पक्की नको होती, झाडाभोवती फिरणारी पाहिजे होती."

एकवीस वर्षांत मी वर्तुळ इतकं स्वच्छ शिकवलेलं नाही.

"माझी चूक झाली," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "तेजू सकाळपासून हेच सांगत होती. मी तिला बोलू दिलं नाही."

"छ्या छ्या!" सासरे खाटेवरून उठलेच. "तुमची कशाची चूक? झाडच जाड हाय!"

"नाही मामा, खरंच माझी..."

"धोंड्याच्या महिन्यात जावयाची चूक नसती!"

"निदान पाडून नीट बांधू. मी स्वतः दगड उचलतो."

"जावयानं आखलेलं पाडायचं? आन् ते बी ह्या महिन्यात?" सासूबाईंनी कानाला हात लावले.

मी हात जोडून चूक पदरात घ्यायला तयार होतो आणि सगळं घर ती झाडाच्या, उताराच्या, शेवटी तर दोरी विकणाऱ्याच्या माथी मारत होतं! निघताना ते सगळे पुन्हा माझ्या पाया पडले. गफूर मिस्त्रीसुद्धा वाकला. तो का वाकला, ते मला विचारायचं धाडस झालं नाही.

परतीच्या एसटीत रेखा पुढच्या सीटवर झोपली होती. तेजू माझ्याशेजारी खिडकीला बसली होती. लोहा गाव मागे पडेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवली आणि मग म्हणालो, "फेब्रुवारीत मी सगळ्यांसमोर तुला जे बोललो, ते बोलायला नको होतं. आणि आज पुन्हा तेच केलं. तू बरोबर होतीस."

ती खिडकीतून माझ्याकडे वळली.

"पप्पा, एक शंका विचारू?"

तीन महिने ह्या एका वाक्याची वाट पाहिली होती! मी चष्मा पुसला, सरळ बसलो, खिशातून पेनसुद्धा काढलं.

"विचार बाळा. कितीही अवघड असू दे."

"तुम्हाला नोकरी कशी लागली?"

मी पेन परत खिशात ठेवलं. पण सांगायचं म्हणजे, शंका तिनं मलाच विचारली, सिलिंडरवाल्याला नाही. त्यानं कदाचित हेही बरोबर सांगितलं असतं.