नली जार हाय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही – आणि ज्याच्या बाबतीत घडलं त्याला तर नाहीच. त्याला सांगायची गरज नव्हती म्हणा. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. ऐका फक्त.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. ठाण्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमची दहा जणांची शेड होती आणि मी तिथला डिझायनर – डोंबिवलीहून येणारा, पंचविशीतला, फाटक्या तोंडाचा. एका डॉक्टरांना डायलिसिसचं सुटकेसएवढं मशीन हवं होतं, पेशंटच्या घरी नेता येईल असं. त्यातला रक्त फिरवणारा पंप माझ्याकडे आला. दिसायला साधं काम. एक मऊ नळी आणि तिच्यावरून फिरणारे दोन रूळ. रूळ नळी दाबत जातात आणि रक्त पुढे सरकतं. फक्त रूळ आणि भिंत यांच्यातली फट नेमकी हवी. सैल राहिली तर रक्त मागे येतं. आवळ झाली तर रक्तातल्या पेशी चिरडल्या जातात – आणि असं चिरडलेलं रक्त माणसाच्या अंगात परत गेलं, तर माणूस जातो.

फिटर होता बाळाराम. शीळफाट्याजवळच्या गावातला आगरी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला साहेब म्हणायचा. माझा राग अख्ख्या शेडला माहीत होता. एकदा मी स्टीलची पट्टी भिरकावली, ती त्याच्या कानाजवळून गेली. त्याने ती उचलली, पुसली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. लाज वाटायला हवी होती ना? मला जास्तच चीड आली.

मग नळीचा नवा माल आला. बाळारामने एक तुकडा दोन बोटांत धरून चोळून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, नली जार हाय.”

त्यांच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, ‘ळ’चा ‘ल’. जाड म्हणतोय, हे मला कळलं होतं. लगेच कळलं होतं. तरी मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “जार? लोणच्याचा की मुरंब्याचा?” शेड खो-खो हसली. त्याने तुकडा खाली ठेवला. मी नळी मोजली नाही. अर्ध्या मिनिटाचं काम – पण त्याच्या सांगण्यावरून मी मोजायची? ड्रॉइंगवर जुन्या नळीचाच आकडा राहिला आणि त्याने त्याच आकड्यावर पंप बसवला.

चाचणीला डॉक्टर आले. कोपरीच्या खाटकाकडून बोकडाचं रक्त आणलं होतं, गोठू नये म्हणून त्यात औषध घातलेलं. दोन तास पंपातून फिरवलं आणि काचेच्या नळकांड्यात निवळत ठेवलं. पेशी शाबूत असल्या तर खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. आमचं वरचं पाणी लालभडक होतं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाळारामकडे वळलो आणि तोंडाला येईल ते बोललो – त्याची भाषा काढली, गाव काढलं, मिठागरातच राहायला हवं होतंस म्हणालो. त्याने माझं संपू दिलं. मग माझ्याशी नाही, डॉक्टरांशी बोलला, हळूच. “नली जार हाय. मी तवाच सांगितला व्हता.”

डॉक्टरांनी स्वतः मोजली. मान हलवली, आठवड्याने येतो म्हणाले आणि गेले. या वेळी कुणी हसलं नाही.

बाळाराम नळी काढायला बसला. चाचणीसाठी पंपाला गिअरची दणकट मोटर जोडलेली होती. त्याचा उजवा हात आत होता. बटण माझ्या हाताशी होतं.

आधी आवाज आला, ओला, मग तो ओरडला. रुळांनी एक पूर्ण फेरा घेतला, तेव्हा मी बंद केलं. बोकडाचं रक्त आणि त्याचं रक्त एकत्र झालं होतं. दोन बोटं गेली – ज्या दोन बोटांत धरून त्याने नळी पाहिली होती, तीच.

साहेबांनी बघितलं नाही, साहेब घाईत होते, असं सगळे म्हणाले. मी रडलो, खरंखुरं रडलो. मलाच लोकांनी पाणी आणून दिलं. दवाखान्यात मालकांनी विचारलं तेव्हा बाळारामने आधी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “माझाच हात चुकला.” नोकरीसाठी म्हणाला? माझी किळस येऊन म्हणाला? मी कधी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी मी अर्ध्या ब्लेडने ड्रॉइंगच्या मूळ ट्रेसिंगवरचा जुना आकडा खरवडला आणि नवा लिहिला. तारीख जुनीच ठेवली. आता कागदही म्हणत होता, चूक फिटरची.

पंप चालला. माझं कौतुक झालं. पुढची सहा-सात वर्षं त्यातला प्रत्येक पंप बाळारामने तीन बोटांच्या हाताने बसवला. नळीचा नवा माल आला की तो तुकडा माझ्यासमोर ठेवायचा आणि उभा राहायचा. मी मोजायचो.

स्वतःलासुद्धा मी इतकी वर्षं तेच सांगत आलो – रागात होतो, बघितलं नाही, हात बटणावर गेला. नाही. भर दुपार होती, खिडकीतलं ऊन थेट पंपावर येत होतं. त्याची बोटं रुळाखाली आहेत, हे मला दिसत होतं. दिसत होतं, म्हणूनच मी बटण दाबलं.