बॉयनोकच्या वाट्याचं तेल

ईदच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरोघरी कढई चढते. गेलेल्या माणसांना आपलं अन्न पोचत नाही, तळणाचा वास तेवढा पोचतो. म्हणून सात तोकोच तळायचे, पुरीपेक्षा जाड आणि तळहाताएवढे. मग कोणीतरी जाणत्याने एकेक नाव घेऊन दुवा मागायची. मी नारिन शहरातल्या वीज उपकेंद्रातून चार दिवसांच्या रजेवर आले होते आणि वहिनीच्या हाताखाली गोळे करत होते. वहिनीने आठवा गोळा घेतला, तसं आईचं लक्ष गेलं.

"उमसुनाय, सात झाले की."

"माहीत आहे, आई."

"मग हा कोणाचा?"

"बॉयनोकचा."

"अगं बाई, कुत्र्याचा? हळू बोल! ताश्तान आत बसलाय."

आमच्याकडे वडीलधाऱ्याला आके म्हणतात; ताश्तान-आके दाराच्या पलीकडे चहा पीत बसले होते. दुवा तेच म्हणणार होते. थंडीच्या तोंडावर त्यांच्या चार मेंढ्या मेल्या, त्या बॉयनोकनेच मारल्या असं त्यांनी गावाला पटवलं. वडीलधाऱ्यांनी कुबातदादाला सांगितलं, कुत्रा मार, नाहीतर आम्ही येऊन मारू. दादा बंदूक आणि बॉयनोकला घेऊन डोंगरात गेला आणि एकटाच परत आला. मशिदीच्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "काम झालं."

त्या दिवसापासून वहिनी दादाशी कामापुरतंच बोलत होती. तिने त्या पिल्लाला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. गळ्याभोवतीचा पांढरा पट्टा बघून नावही तिनेच ठेवलं होतं.

वहिनी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. एकदा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, सूप रोज असंच असतं का? मुख्याध्यापक मागून खुणा करत होते. वहिनी म्हणाली, "नाही. आज तुम्ही येणार म्हणून मांस घातलंय." तिला खोटं बोलताच येत नाही. प्रयत्न केला तरी कान लाल होतात आणि वाक्य मध्येच तुटतं. गावात कोणाला खरं काय ते हवं असलं, की लोक सरळ तिलाच विचारतात.

तिने आठवा तोकोच थापला. तेल धुरावलं होतं. तेवढ्यात दादा सरपण घेऊन आत आला. आईने हातानेच दाखवलं, बघ तुझ्या बायकोचे प्रताप. त्याने सरपण तिथेच टाकलं आणि वहिनीचं मनगट धरलं.

"तो टाकू नकोस."

"का? मारताना हात आवरला नाही, आता माझा का धरताय?"

"उमसुनाय, ऐक माझं. टाकू नकोस."

"त्याचा वाटा आहे. सोडा हात."

दादाने दाराकडे पाहिलं. मग अगदी तिच्या कानाशी बोलला, पण मी शेजारीच होते. "जिवंताच्या नावाने तेल जाळत नाहीत."

वहिनीच्या हातातला तोकोच लोंबू लागला. आईनेही ते ऐकलं आणि चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला कोणी विचारलं असतं तर?"



"काय गं पोरींनो, आज तळताय की उद्या?" ताश्तान-आके दारातच उभे होते. त्यांनी कढईकडे पाहिलं, तबकातले तळलेले सात मोजले आणि वहिनीच्या हाताकडे पाहिलं. "आठवा कोणाचा?"

वहिनीचे कान लाल व्हायला लागले होते. दादा खाली वाकून सरपण गोळा करत होता, तीच तीच काटकी पुन्हा उचलत होता.

"कुत्र्याचा ना?" आके म्हणाले. आवाज कधी नव्हे तो मऊ होता. "टाक, पोरी. मी नाव घेतो त्याचं. माझ्याही मनाला लागून राहिलंय."

आता नाही म्हटलं तर ते कारण विचारणार, आणि हो म्हटलं तर जित्या बॉयनोकच्या नावाने दुवा होणार.

"त्याचा नाही," वहिनी म्हणाली.

"मग?"

"तुमच्या मेंढ्यांचा."

"काय?"

"चार मेल्या ना तुमच्या? मग त्यांनाही वास जाऊ दे. घ्या नावं."

आके तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आईला आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. "अरे ताश्तान, मेंढ्यांना नावं तरी ठेवली होतीस का?"

"तुमची सून म्हणजे..." आके दाढी खाजवत पुटपुटले. त्यांना हसावं की रागवावं ते कळेना. "घाल बाई, घाल. तुझी जीभ आहे की सुरी!" असं म्हणत ते आत जाऊन बसले.

वहिनीने तोकोच तेलात सोडला. तो फुगला, तिने उलटवला, आणि तेवढा वेळ तिने मान वर केली नाही. दुवा झाली, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. आके पुढच्या घरी गेल्यावर ती दादासमोर येऊन उभी राहिली.

"कोणाकडे आहे तो?"

दादाने तोंड उघडलं, तसा तिने पिठाचा हात त्याच्या तोंडावर ठेवला.

"नको, नका सांगू. कोणी विचारलं तर मी सांगून टाकीन." मग हात काढून म्हणाली, "एवढंच सांगा, पोटभर खायला घालतात ना?"

"घालतात," दादा म्हणाला. त्याच्या मिशीला पीठ लागलं होतं.