चिमणाबाईचा पायगुण

सायखेड्यात कुणाच्या कंबरेत उसण भरली की तो सरळ चिमणाबाईच्या ओट्यावर येऊन पालथा पडायचा. चिमणाबाई पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की उसण पळते, असा गावाचा भरवसा. आणि गावापेक्षा तिचा स्वतःचा काकणभर जास्तच.

सत्त्याण्णव साली तिची आठवीतली मोहिनी शर्यतीच्या सरावात शिट्टीसरशी झेपावली, ओरडली आणि जांघ धरून खालीच बसली. पोरींनी तिला धरून घरी आणलं. गल्लीतल्या बाया जमल्या. चिमणाबाईने लेकीला पालथं घातलं, देवाचं नाव घेतलं आणि कंबरेवर पाय दाबला.

"गुण आला का गं?"

"आला," मोहिनी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती शर्यतीत उतरलीसुद्धा, आणि निम्म्यावर कोसळली.

नाशिकच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. या वयात हाडाची टोकं कच्ची असतात. मांडीच्या स्नायूने हिसका देऊन कंबरेच्या हाडाचा तुकडाच उपटला होता. "आता पडून राहायचं, मग कुबड्या. चोळायचं नाही, ताणायचं नाही. तुकडा आणखी सरकला तर ऑपरेशन."

चिमणाबाईने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. आपण तर अख्खा पाय दिला! पोरगी जन्माची लंगडी झाली तर? उसण घेऊन कुणी दारात आलं की चिमणाबाई आतून कडी लावून घ्यायची.

ऑपरेशन टळलं, हाड जुळून आलं. कुबड्या सुटल्या तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मोहिनीला बजावलं, "आधी नुसता पाय उचलायचा, मग चालायचं, धावणं सगळ्यात शेवटी. दुखलं की थांबायचं. लपवलंस तर पुन्हा तुटेल."

परतताना एसटीत चिमणाबाईने कसाबसा धीर केला. "मी पाय दिला तवा दुखलं व्हतं का गं?"

"लय," मोहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पन समद्या बाया बघत व्हत्या. तुझं हसं झालं असतं."

चिमणाबाईने आपले पाय सीटखाली ओढून घेतले.

दिवाळीनंतर मोहिनी पहिल्यांदा हळूहळू धावली. कडेला उभी आई तिचं एकेक पाऊल मोजत होती. लेक धापा टाकत परत आली.

"दुखतंय का?"

"नाय गं, आई."

ती हसत होती. चिमणाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. पोरीला खरंच दुखत नव्हतं, की ती आईला जपत होती, हे त्या माउलीला काही केल्या कळेना.