काकूंचा डबा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. सत्तरी उलटली, आता निदान कागदावर तरी खरं उतरावं.

कंपनीतून रिटायर झाल्यावर मी गाडी चालवायचो. चाकणच्या एका कारखान्यातली सात-आठ चिनी माणसं चऱ्होलीत राहायची. ख्रिस्ती होती ती. दर रविवारी सकाळी मी त्यांना कुरुळीला, त्यांच्याच एका सहकाऱ्याच्या फ्लॅटवर न्यायचो. हॉलमध्ये प्रार्थना व्हायची, मग सगळे मिळून मोमो वळायचे. आमचं घर बौद्ध — पण मला कुणी कधी खाली गाडीत बसू दिलं नाही. माझा मोमो बघून लिन मॅडम हसायच्या, "काका, ये तो समोसा हो गया!" त्या कारखान्यात दुभाषी होत्या, हिंदी त्यांनाच यायची.

माझी बायको सुमन आजारी आहे हे कळल्यावर सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना सुरू केली. लिन मॅडम तर रविवारी दुपारचा उपास करायच्या आणि आपला वाटा डब्यात भरून माझ्या हातात द्यायच्या — "काकू के लिए."

सुमन गेली. दोन रविवार मी गेलो नाही. गावी होतो म्हणून सांगितलं. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि घरात तिचं नावच निघेनासं झालं. तिसऱ्या रविवारी गाडीत बसता बसता मॅडमनी विचारलं, "काकू कैसी है?"

मी म्हणालो — "अच्छी है. पहले से अच्छी है."

का म्हणालो? कुणीतरी तिची चौकशी करत होतं, ती थांबू नये म्हणून? असेल. पण पुढच्या रविवारी? त्याच्या पुढच्या? वर्षभर ती बाई उपाशी राहिली, आणि तिच्या वाटचं मी घरी नेऊन खाल्लं. पोटभर खाल्लं.

एवढ्यावरच भागलं असतं तर — पण नाही भागलं. मायदेशी परतण्याआधीच्या रविवारी मॅडम सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलल्या. भाषा कळली नाही, मधूनमधून येणारं "काकू" तेवढं कळलं. प्रभूने काकूंना बरं केलं, अशी साक्ष दिली त्यांनी. नंतर मला हिंदीत सांगितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

दोन वर्षांनी त्यांचा मेसेज आला. त्यांची आई आजारी होती. तिच्यासाठीही त्यांनी तसाच उपास धरला होता. आई गेली. "काकू ठीक हो गयी, मेरी माँ नहीं हुई," त्यांनी लिहिलं होतं. "काका, मेरी प्रार्थना में क्या कम पड़ा?"

काहीच कमी पडलं नव्हतं. हे सांगायला मला एकच ओळ लिहायची होती — आणि ती लिहू शकणारा जगात मी एकटाच होतो. चष्मा लावून मी फोन हातात घेतला.

मग लिहिलं — "काकू आपको बहुत याद करती है."